उघड्यावरची तार : बांबूच्या खांबापासून चौकातल्या कॅमेऱ्यापर्यंत

चौकात खांब उभा राहिला आणि त्यावर कॅमेरा बसला की गावाचे लक्ष त्या कॅमेऱ्याकडे जाते. त्याच्यापर्यंत हवेतून गेलेली काळी तार मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. आजचा धागा त्या तारेविषयी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ अंतरवाली सराटीपासून करू. तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत हे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण तेथे सुरू झाले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आंदोलक आणि पोलीस दोघेही जखमी झाले आणि एका रात्रीत हे गाव घरोघरी पोहोचले. ते पोहोचले कॅमेऱ्यामधून. त्या दिवशी नेमके काय घडले याचा वाद पुढे चालला, तोही मोठ्या प्रमाणात चित्रफितींच्या आधाराने.

आरक्षणाच्या प्रश्नाचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. येथे त्यात शिरायचे नाही. येथे प्रश्न वेगळा आहे. गावात घडलेली गोष्ट गावाबाहेर नेणारी वाट कोणाच्या ताब्यात असते? ती वाट कोण उभारतो, कोण तोडतो आणि तिच्यावरून गेलेल्या मजकुराची नोंद कोणाकडे उरते? दीडशेहून अधिक वर्षे ही वाट बहुतांशी खांबांवरून गेलेली एक तार होती.

तार येण्यापूर्वी पाहण्याचे काम माणसे करीत. गावगाड्यात रात्रीचा पहारा, वेशीची राखण, परक्या माणसाची खबर पाटलाला देणे ही कामे जागल्या, येसकर, रामोशी यांच्याकडे असत. चोरी झाली की पावलांचा माग काढला जाई. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावाकडे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनचा कारभार हाती घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या पद्धतीची बारकाईने नोंद केली आहे.

या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ही राखण महार वतनाचा भाग होती. दिवसरात्र राबायचे आणि मोबदला जवळजवळ शून्य, अशी तिची रीत होती. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे हीच वेठ होती. गावाचा ‘डोळा’ एका जातीच्या पाठीवर लादलेला होता. तरीही एक फरक ध्यानात ठेवावा. जागल्या गावातच राहत असे. त्याने काय पाहिले हे त्याला चावडीवर बोलावून विचारता येई.

आता तारेकडे वळू. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी याने वनस्पती उद्यानाच्या परिसरात बांबू रोवले आणि त्यांवर मैलोगणती तार फिरवून विजेचा संदेश पाठवून पाहिला. (हाच ओशॉनेसी पाश्चात्त्य वैद्यकात गांजाचा औषधी उपयोग रुजवणारा म्हणूनही ओळखला जातो. एका माणसाच्या चरित्रात काय काय मावते!) तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे डलहौसीने हे काम उचलून धरले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला. १८५३ च्या अखेरीस आग्र्याच्या दिशेने मोठे काम निघाले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तोवर मुंबईही या जाळ्यात आली होती.

ओशॉनेसीची खरी हुशारी यंत्रापेक्षा तारेत दिसते. युरोपात बारीक तार चाले. येथे त्याने जाडजूड लोखंडी सळईच वापरली, कारण या देशातल्या तारेवर माकडे लोंबकळणार आणि पक्ष्यांचे थवे बसणार हे त्याने आधीच गृहीत धरले होते. खांब ठिकठिकाणी बांबूचे आणि लाकडाचे होते, तर दक्षिणेत काही मार्गांवर दगडीही. प्रयोगशाळेतली वीज हिंदुस्थानच्या उन्हापावसात उभी करायची, तर आधी हवा, प्राणी आणि माती यांच्याशी जुळवून घ्यावे लागते, हे त्याला पक्के कळले होते.

पुढचा प्रश्न खांबाचा. खांब रोवायचा तो कोणाच्या तरी जमिनीत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८५ चा तार अधिनियम आला आणि त्याच्या दहाव्या कलमाने हा प्रश्न मोठ्या चतुराईने सोडवला. तार खात्याला कोणाच्याही स्थावर मालमत्तेवरून, खालून, कडेने वा आरपार तार नेण्याचा अधिकार मिळाला. जमिनीची मालकी मात्र मिळाली नाही. मिळाला तो केवळ वापराचा हक्क. नुकसान शक्य तितके कमी करावे आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यावी, असे बंधन घातले गेले. मालकाने अडवलेच, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची सोय सोळाव्या कलमात होती.

शेतातल्या खांबाला तुमचे पणजोबा हटवू का शकले नाहीत, याचे उत्तर या दोन कलमांत आहे. हाच साचा पुढे विजेच्या तारांनाही लागू झाला आणि आजच्या वीज कायद्यातही त्याची सावली दिसते. १८८५ चा कायदा संपून त्याची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम यायला २०२३ साल उजाडले. तारेच्या वाटहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले.

अंतरवालीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे; जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना करीत हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली आणि रुळांच्या कडेने तारेचे खांबही आले. गाडी एका स्थानकावरून सुटली हे पुढच्या स्थानकाला कळवायला तारेवाचून दुसरा मार्ग नव्हता. खेड्यांत मात्र तार येई ती कागदावर, आणि बहुधा कोणी गेल्याची खबर घेऊन. ‘तार आली’ एवढे दोन शब्द ऐकून घरातले रडू लागत, हे आपल्या आजी-आजोबांना विचारून पाहावे. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

सत्ता तारेवर अवलंबून राहू लागली, तसे सत्तेचे विरोधकही तारेकडे पाहू लागले. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून गेलेल्या संदेशांनी अंबाला आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी सावध झाले. पुढच्या महिन्यांत उत्तर हिंदुस्थानात बंडवाल्यांनी मैलोगणती तारा उखडल्या. १९४२ च्या आंदोलनात तारा तोडणे हा भूमिगतांचा नित्याचा कार्यक्रम झाला; साताऱ्याच्या प्रतिसरकारचा इतिहास वाचताना त्याच्या खुणा जागोजागी भेटतात. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून मराठवाड्यात शिरत. करोडगिरीचे नाके जाळणे, शिंदीची झाडे तोडणे यांच्या जोडीला दळणवळण तोडणे हेही त्यांचे काम होते.

तार तुटायला तोफ लागत नाही, एक माणूस आणि एक पक्कड पुरते. ठाणे, कचेरी, छावणी यांना भिंती असतात. त्यांना जोडणारी तार मात्र उघड्या रानातून जाते आणि मैलामैलावर पहारेकरी ठेवणे कोणत्याही राज्याला परवडत नाही. हे व्यंग १८५७ मध्ये होते आणि चौकातल्या कॅमेऱ्याच्या तारेतही ते आहे.

स्वातंत्र्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत जी तार खऱ्या अर्थाने पोहोचली ती विजेची. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत सिमेंटचे खांब वस्ती-वाडीपर्यंत गेले. त्या खांबांनी गावाला नवे शब्द दिले: डीपी, फेज, वायरमन, भारनियमन आणि अर्थातच आकडा. ‘आकडा टाकणे’ या शब्दप्रयोगात तारेच्या सार्वजनिकतेविषयी एक भाष्यच आहे, असे मला वाटते. शेतकऱ्याच्या जमिनीवर खांब उभा राहिला होता. आता त्या खांबावरच्या तारेवर शेतकऱ्याची काठी चढली.

१९९० च्या दशकात तिसरी तार आली, केबल टीव्हीची. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचे वेड पसरले. ‘केबलवाला’ नावाच्या नव्या व्यावसायिकाने गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून विजेच्या खांबावर अशी जाड काळी तार टाकली. कोणता कायदा, कोणती परवानगी! सरकारने १९९४ मध्ये अध्यादेश आणि १९९५ मध्ये कायदा करेपर्यंत देशभर जाळे पसरून गेले होते. १८८५ च्या कायद्याने तार टाकण्याची मुभा सरकारला दिली होती. येथे शेजाऱ्याच्या शब्दावर तार गेली. गावातल्या कॅमेऱ्याची तार ही या केबलची थेट वारस आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना लागणारी तारही त्याच जातीची होती, टाकणारे हातही पुष्कळदा तेच, आणि जिथून ती जाते तिथे विचारण्याची, किंवा न विचारण्याची, रीतही तीच.

कॅमेऱ्याचा इतिहास मी थोडक्यात उरकतो. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे रॉकेटच्या चाचण्या होत. उड्डाणाच्या जवळ उभे राहणे जिवावरचे होते, म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याच्या योजनेने कॅमेरे लावून तारेने चित्र दूरच्या खोलीत नेले. ‘क्लोज्ड सर्किट’ हे नाव याच कल्पनेतून येते. चित्र आकाशात प्रक्षेपित होत नाही. ते बंद तारेतून ठरलेल्या पडद्यावर जाते. मराठी जनांच्या स्मृतीत सीसीटीव्ही पक्का बसला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर. राम प्रधान समितीनंतर शहरभर कॅमेऱ्यांची चर्चा सुरू झाली, पण मुंबईचा सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचा प्रकल्प पूर्णत्वाला जायला २०१६ उजाडले. त्यानंतर लाट तालुक्यांकडे आणि ग्रामपंचायतींकडे वळली.

आणि येथे ओशॉनेसीचे जुने प्रश्न पुन्हा समोर येतात.

ग्रामपंचायतीच्या खोलीत रेकॉर्डर आहे आणि वेशीवरच्या खांबावर कॅमेरा. मधले अंतर साध्या नेटवर्क तारेने जोडायचे, तर तिची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे चित्र अडखळते आणि मध्ये उपकरण किंवा फायबर घ्यावे लागते. विजेच्या दोन खांबांतला गाळा साधारण ५०-६० मीटरचा, म्हणजे दोन गाळ्यांतच ही मर्यादा संपते. नुसती तार ताणून बांधली तर तिचे स्वतःचेच वजन आतले तांबे ओढत राहते. म्हणून शेजारी पोलादी आधारतार घ्यावी, भार तिने पेलावा आणि संदेशाची तार तिला नुसती बिलगून असावी.

झोळाचे गणित तर विलक्षण आहे. ताण तोच ठेवला आणि खांबांमधले अंतर दुप्पट केले, तर झोळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. एका खांबाची बचत करू पाहणाऱ्याची तार यामुळेच रस्त्यावर लोंबते. मराठवाड्यात उन्हाळ्यातला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पोलाद लांबते आणि थंडीत आखडते. भर थंडीत तंग बांधलेली तार मे महिन्यात सैल पडते; मे महिन्यात तंग बांधलेली डिसेंबरात खांबाच्या कानांवर ओढ घेते. १९५६ च्या विद्युत नियमांनी रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या विजेच्या तारेसाठी किमान ५.८ मीटर उंची सांगितली होती. कॅमेऱ्याच्या तारेत वीज किरकोळ असते, म्हणून ती खाली असली तरी चालेल असे गृहीत धरले जाते. अंबड तालुक्यात ऊस आहे, साखर कारखाना आहे आणि हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. ट्रॉलीवरच्या उसाला व्होल्टेजशी काय देणेघेणे?

मग पाऊस. तार खोक्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळण द्यावे, म्हणजे ओघळ तळाशी ठिबकतो, आत शिरत नाही. हे वळण नसेल तर पहिल्या पावसातच जोड गंजतो. त्याहून मोठे संकट विजेचे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा पडतात. वीज तारेवर पडायलाही नको. जवळपास पडली तरी लांब उघडी तार तिचा धक्का पकडते आणि खोलीतल्या रेकॉर्डरपर्यंत आणते. खांबाला अर्थिंग आणि तारेच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर हवेतच. फायबरमध्ये तांबे नसल्याने त्यातून हा धक्का जात नाही, म्हणून जाणता माणूस लांब अंतराला फायबर सुचवतो (फक्त तिची आधारतार धातूची असेल तर तिलाही अर्थिंग हवे). आणि महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय काही बांधू नये. विद्युततारेजवळ लोंबणारी दुसरी तार लाइनमनच्या जिवावर बेतू शकते.

एवढे सगळे नीट झाले, तार तुटली नाही, चित्र पोहोचले असे धरू. मग ते पुरावा ठरते का? या प्रश्नाचे देशातले सर्वांत महत्त्वाचे उत्तर जालना शहरातून आले आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

२०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर विजयी झाले, कैलास गोरंट्याल २९६ मतांनी पराभूत. आक्षेप असा की २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ही मुदत उलटल्यावर खोतकरांचा उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व बाहेर व्हिडिओ चित्रण चालू होते. हे खांबावरचे सीसीटीव्ही नव्हते, निवडणुकीसाठी लावलेले कॅमेरे होते. पण प्रश्न तोच. चित्रणाच्या तबकड्या न्यायालयात आल्या. पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब प्रमाणे त्यांसोबत लागणारे प्रमाणपत्र मात्र नव्हते. ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चालत राहिले. १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, भट आणि रामसुब्रमणियन यांच्या खंडपीठाने निकाल दिला: मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने शक्य ते सर्व करूनही प्रमाणपत्र देणाऱ्याने ते नाकारले, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही. खोतकरांचे अपील फेटाळले गेले. तोवर ती विधानसभाच संपली होती आणि २०१९ च्या निवडणुकीत गोरंट्याल निवडूनही आले होते.

आज देशातल्या कोणत्याही न्यायालयात सीसीटीव्हीचे चित्रण दाखल होते तेव्हा जालन्याच्या या खटल्याचा दाखला निघतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही प्रमाणपत्राची अट कायम आहे. मला या खटल्यात एक गोष्ट फार बोलकी वाटते. कॅमेरा सरकारी कार्यालयात, चित्रण सरकारी, प्रमाणपत्र देणारा हात सरकारी. आणि ते चित्रण हवे होते ते सरकारी निर्णयालाच आव्हान देणाऱ्याला. जागल्याला चावडीवर बोलावता येई. रेकॉर्डरला बोलावण्यासाठी रेकॉर्डरच्या मालकाची सही लागते.

त्याच वर्षी, २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. जिथे वीज वा इंटरनेट नाही तिथे राज्याने ते पोहोचवावे, सौर ऊर्जेने का होईना, असेही त्यात आहे. न्यायालयालाही शेवटी तारेपर्यंत यावेच लागले.

ग्रामपंचायतीच्या किंवा दुकानाच्या रेकॉर्डरला मात्र असा आदेश लागू नाही. डिस्क भरली की नवे चित्रण जुन्यावर चढते. साध्या संचात ते काही दिवसांत वा आठवड्यांत होते. आपण इतिहासाचे विद्यार्थी १८५७ च्या तारा आज पुराभिलेखागारात वाचू शकतो, कारण प्रत्येक तार कागदावर उतरत होती आणि तो कागद कोणीतरी फायलीत लावत होता. आपल्या काळातल्या एखाद्या गावाच्या चौकाचे चित्रण मात्र पंधरवड्यात पुसले जाते. त्या गावावर साऱ्या राज्याची नजर खिळलेली असो वा नसो.

कागद मात्र शिल्लक आहे. कॅमेरे बसवण्याचा ग्रामसभेचा वा मासिक सभेचा ठराव, निधी कोणत्या शीर्षकाखाली खर्च झाला, खांब किती, तार किती मीटर, चित्रण किती दिवस राहते, ते पाहण्याची मुभा कोणाला, देखभालीचा करार कोणाशी: यांतले जे नोंदले गेले असेल ते दप्तरात असते आणि माहिती अधिकाराच्या साध्या अर्जाने मागता येते. आपापल्या गावाच्या ठरावाची प्रत मिळाली तर तिचे छायाचित्र या धाग्याखाली जोडावे. व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक तेवढे झाकावेत. दहा-वीस गावांचे ठराव जमले, तर पुढचा धागा त्यांवरच लिहीन.